बीटी कपाशी हरली, की संकरित बियाण्यानं तिला हरवलं?

सरकीवाला (धागाकर्ता)
गुलाबी बोंडअळी दिसली की पहिलं वाक्य ठरलेलं: 'बीटीत आता दम राहिला नाही.' मला हे पटत नाही. जनुक चांगला होता, आपण तो चुकीच्या बियाण्यात घातला.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीतला एक जिवाणू. त्याचा क्राय१एसी हा जनुक कपाशीत घातला की झाड स्वतःच बोंडअळीला मारक प्रथिन तयार करतं. २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये क्राय२एबी या दुसऱ्या जनुकाची जोड देऊन बीजी-२ (बोलगार्ड-२) हे बियाणं आलं. गोम पुढे आहे. आपल्याकडे ही कपाशी जवळजवळ सगळी संकरित म्हणून विकली गेली आणि संकरित झाडात बीटी जनुक सहसा एकाच पालकाकडून येतो. जनुक प्रभावी, त्यामुळे एक प्रत पुरते. पानात, पात्यांत, बोंडाच्या सालीत विष असतंच. पण बोंडातली सरकी ही पुढची पिढी! मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या हिशेबानं तिथे चारातली एक सरकी त्या जनुकाविना. आणि गुलाबी अळी खाते काय, तर नेमकी सरकी. एकाच बोंडात तिला विषारी नि बिनविषारी दाणे शेजारी शेजारी मिळतात. प्रतिकारक अळ्या निवडून काढायची याहून चांगली सोय मुद्दाम ठरवून केली असती तरी जमली नसती.

पेशीभित्तिका
अर्धाच हिशेब मांडलात. बीजी-२ मध्ये दोन जनुक वेगवेगळ्या जागी आहेत. १६ सरक्यांपैकी ९ मध्ये दोन्ही, ३ मध्ये एक, ३ मध्ये दुसरा, आणि पूर्ण कोरी फक्त १. शिवाय चीनकडे बघा. यांगत्से खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकरित कपाशीची दुसरी पिढी पेरली, गुलाबी अळी तिथे ताब्यात राहिली.

खरा घोळ रेफ्युजचा, म्हणजे अळीसाठी मुद्दाम राखलेल्या नॉन-बीटी कपाशीचा. प्रतिकार सहसा अप्रभावी असतो, म्हणजे अळीत त्याच्या दोन्ही प्रती लागतात. जवळ नॉन-बीटी कपाशी असेल तर तिथले साधे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळतात, पिल्लांना एकच प्रत मिळते आणि ती बीटीवर मरतात. त्यासाठीच ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं पाकीट मिळायचं. ते पेरलं किती जणांनी?

सरकीवाला
चीनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हो! दुसऱ्या पिढीत पाव भाग अख्खी झाडंच बिनविषारी निघतात. रेफ्युज आपोआप तयार. आपल्याकडे नॉन-बीटी दाणा बीटी बोंडाच्या पोटात आहे, तिथे त्याचा उपयोग नाही, अपायच आहे.

पेशीभित्तिका
आणि उरलेल्या बीटी झाडांचं काय? तीनातली दोन एकप्रतीच असतात. त्यांच्या बोंडात तुमचा हाच खेळ चालतो, तरीही तिकडे टिकलं. म्हणजे फरक रेफ्युजनं पडला, बोंडातल्या वाटणीनं नव्हे.

वावरातला
तुमचं गणित बरोबर असन भाऊ, पण ते पाकीट पेरलं काऊन नाही म्हून इचारता? आम्ही एक साल पेरलं. अर्धं उगवलंच नाही, अन् जे उगवलं त्याले फूल लागलं तवा बीटीची पऱ्हाटी बोंडावर होती. पतंग जुळावं कसं? कंपनीनं हाती लागलं ते भरून देलं. दोन एकरवाल्यानं धुऱ्यावरची पाच तासं, म्हंजे पाच ओळी, अळीले चारायले सोडावी, हा नियम कोन केला?

पेशीभित्तिका
हा मुद्दा मान्य. म्हणूनच पुढे नॉन-बीटी दाणे त्याच पिशवीत मिसळून द्यायला लागले.

कोरडवाहू
अन् मिसळलेल्या पिशवीत अळी या झाडावरून त्या झाडावर गेली की परत तेच, थोडं विष, थोडी सुटका. गुलाबी अळी बोंडाबाहेर फारशी फिरत नाही हे नशीब.

मला दोघांचाही राग येतो तो वेगळ्या कारणानं. २०१७ ला विदर्भात बोंडं फोडली तर आत कवडी (किडून घट्ट झालेला कापूस) निघत होती, डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली फुलं) त्याआधीच दिसत होत्या, आणि चर्चा मात्र जनुकांची. १६०-१८० दिवस उभी राहणारी संकरित कपाशी, वर ओलीत असेल तर मार्चपर्यंत फरदड (वेचणी झाल्यावरही पीक तसंच उभं ठेवणं), म्हणजे अळीला बाराही महिने घर. लवकर येणारं सरळ (संकरित नसलेलं) वाण, दाट लागवड, शेत वेळेत मोकळं, हा उपाय नागपूरची कापूस संशोधन संस्था कधीपासून सांगतेय. पण सरळ वाणाची सरकी शेतकरी घरी ठेवतो, मग दरवर्षी पिशवी कोण घेणार? सरकारी संस्थांनी बिकानेरी नरमा या सरळ वाणात बीटी आणलं होतं, त्यात खासगी कंपनीचाच जनुक सापडला आणि विक्री थांबली. त्यानंतर बराच काळ रान कंपन्यांना मोकळं.

वावरातला
सरळ वाण द्या, पेरतो. पन डिसेंबरात पऱ्हाटी उपटा म्हणता, त्याचं काय? पहिल्या दोन वेच्यांत खत-फवारनीचा खर्च निघते, हाती उरते ते तिसऱ्या वेच्यात. त्याचे पैसे कोन देते सांगा, उद्याच उपटतो.