व्हेंटिलेटरवर पीक प्रेशरचा अलार्म, सॅच्युरेशन ९७. आधी काय बघायचं?

रात्रपाळी
वॉर्डातून आयसीयूत येऊन तीन महिने झालेत. काल पहाटे तीनला सहा नंबरच्या काकांचा व्हेंटिलेटर बोंबलायला लागला. व्हॉल्यूम मोड (दर श्वासाला ठरलेली हवा), ३८० एमएल, पीक (हवा आत ढकलताना लागणारा सर्वांत जास्त दाब) २२ वरून ४०, म्हणजे लावलेल्या लिमिटवरच. सॅच्युरेशन ९७, म्हणून मी निवांत. सक्शन करून ट्यूबमधला कफ ओढला, फारसं काही आलं नाही. अलार्म सायलेंट केला, परत वाजला. शेवटी डॉक्टरांना उठवलं. त्यांनी एचएमई फिल्टर (ट्यूबजवळचा, श्वासाची हवा ओलसर-उबदार ठेवणारा) बदलला आणि पीक २४! बोलले काही नाहीत, नुसतं बघितलं. तेच जास्त लागलं. अशा वेळी सुरुवात कुठून करायची?

जुनी सिस्टर
पेशंटपासून गं! छाती दोन्ही बाजूंनी सारखी उचलतेय का, ट्यूब ओठाशी त्याच आकड्यावर आहे का, दातांत चावलीय का. नळीत पाणी साचलंय का तेही. काहीच उमगलं नाही तर मशीन काढून अंबू (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) थेट ट्यूबला लाव, फिल्टर मध्ये न ठेवता. हवा सहज गेली तर दोष मशीनच्या बाजूला. कडक लागली तर ट्यूब नाहीतर छाती, आणि मग डॉक्टरांना हाक मारायला लाजायचं नाही.

भूलवाला
सिस्टर, ९७ वर विसंबू नका. बहुतेक मशीन लिमिट गाठली की श्वास तिथेच तोडतं, म्हणजे ३८० पूर्ण गेलेच नसणार. बाहेर येणारा व्हॉल्यूम किती दिसत होता? ऑक्सिजन वाढवून दिलेला असला की सॅच्युरेशन बराच वेळ छान दिसतं, कार्बन डायऑक्साइड मात्र साचत जातो. ईटीसीओटू (बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं) लावलेलं असेल तर ते आधी बोलतं.
पीक लिमिटच्या आत असेल तेव्हा इन्स्पिरेटरी होल्ड (श्वास आत गेल्यावर क्षणभर रोखणारं बटण) दाबून प्लॅटू (हवा थांबल्यावर उरणारा दाब) बघा. पीक जास्त, प्लॅटू होता तेवढाच: अडथळा वाटेत आहे. ट्यूब, फिल्टर, कफ, दमा. दोन्ही वाढले तर फुप्फुस कडक झालंय, न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साचणं) किंवा ट्यूब एकाच बाजूला गेलीय. प्रेशर मोडवर (तिथे हवा नाही, दाब ठरलेला) मात्र हा अलार्म वाजेलच असं नाही, तिथे व्हॉल्यूम गुपचूप कमी होतो.

रात्रपाळी
सर, बाहेर येणारा १९० च्या आसपास होता. आकडा समोरच होता, मी वाचलाच नाही. आणि जुन्या सिस्टर, आत्ता चार्ट काढून बघितला. दोनला नेब्युलायझेशन (श्वासावाटे औषधाचे बारीक तुषार) दिलं होतं, फिल्टर न काढता. सही माझीच आहे.

जुनी सिस्टर
हात्तिच्या! औषध सगळं फिल्टरनेच प्यायलं की, म्हणून तुंबला.