क्रीडा संग्रहालयासाठी निधी मागण्याआधी बलबीरसिंगांचा ब्लेझर शोधा

जुनीनोंदवही:

२०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाली. २०३६ च्या ऑलिम्पिकसाठी आपली खटपट चालूच आहे. म्हणजे खेळांच्या स्मारकांच्या आणि संग्रहालयांच्या घोषणांचा हंगाम पुन्हा येणार, आणि त्यामागोमाग ‘निधीअभावी काम रखडले’ या बातम्याही. त्याआधी एक जुनं प्रकरण आठवून ठेवू.

बलबीरसिंग सीनियर. हॉकीची तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं, १९४८, १९५२ आणि १९५६. हेलसिंकीच्या अंतिम सामन्यात भारताचे सहा गोल झाले, त्यातले पाच यांचे. दिल्लीत क्रीडा संग्रहालय होणार म्हणून १९८५ मध्ये त्यांनी आपली ३६ पदकं, मेलबर्नला कर्णधार म्हणून घातलेला ब्लेझर आणि शंभरावर छायाचित्रं भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या हवाली केली. संग्रहालय झालंच नाही. २०१२ मध्ये लंडन ऑलिम्पिकच्या निमित्ताने या वस्तूंची आठवण निघाली, तेव्हा त्या कुठे आहेत हे कुणालाच सांगता येईना. घरच्यांनी माहिती अधिकारात अर्ज केले, खेटे घातले. २०२० च्या मे महिन्यात बलबीरसिंग गेले, ते वस्तू परत न मिळताच.

दरम्यान २०१८ मध्ये राष्ट्रीय क्रीडा संग्रहालयाची पुन्हा घोषणा झाली होती, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये. खेळाडूंनी आपल्या वस्तू द्याव्यात हेही आलंच. आता खुद्द ते स्टेडियम पाडून तिथे क्रीडानगरी उभारायची योजना आहे!

माझं म्हणणं सरळ आहे. कुठलंही सरकार असो, कुठलीही संघटना असो, इमारतीसाठी निधी मागायला आली की आधी तिची नोंदवही बघायला मागा. कुणाकडे कुठली वस्तू आहे, तिचा फोटो कुठे, पोच कुठे, सांभाळणारा माणूस कोण? हे नसेल तर इमारतीला रुपया देऊ नये. उशीर झाला तरी चालेल. उशिराने वस्तू हरवत नाहीत, घाईने गोळा केल्यावर हरवतात.

गंगावेसकर:

लई भारी लिहिलंय, पण गाडी चुकीच्या रस्त्याला लागलीय. नोंदवही असो नाहीतर इमारत, दोन्हीचा पैसा तालमीला द्या.

पैलवान खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकला गेले ते कसे? राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार दिले. बाकीची लोकांकडून वर्गणी. पैसा पैलवानाला कमी पडत होता. आजही तिथंच कमी पडतोय. आमच्या तालमीतल्या मॅटची शिवण चिकटपट्टीनं जोडलीय आणि पोरांच्या खुराकासाठी घरची माणसं दावणीची म्हैस विकतात.

गोळेश्वरला, खाशाबांच्या गावी, त्यांच्या नावानं कुस्ती केंद्र २००९ ला जाहीर झालं. २०१७ उजाडलं तरी काही नाही, तेव्हा त्यांच्या मुलानं सांगितलं की पदकाचा लिलाव करतो आणि केंद्र बांधतो. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक विकायला काढायची पाळी! असल्या राज्यात तुम्ही संग्रहालयाच्या नोंदवहीचं काय सांगताय? काचेतलं पदक बघून कुणाला पट काढता येत नाही, राव.

जुनीनोंदवही:

गंगावेसकर, गोळेश्वरचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. लिलावाच्या नुसत्या इशाऱ्याने गहजब का झाला? कारण पदक घरात होतं. बलबीरसिंगांसारखं सरकारजमा झालं असतं, तर २०१७ मध्ये त्या कुटुंबाच्या हातात काय राहिलं असतं?

आणि खर्डेकरांच्या त्या गहाणखताबद्दल आपण सगळे ऐकत आलोय. ते कागद, वर्गणीच्या याद्या, बोटीची-विमानाची तिकिटं शोधून ठेवणं हेच तर संग्रहालयाचं काम. त्याला इमारत लागत नाही.

निवृत्त_उपअभियंता:

दोघांचंही वाचलं. सरकारी फाईल हातात न धरता लिहिताय, म्हणून थोडं खुलाशाने लिहितो.

घोषणा होते तेव्हा अंदाजपत्रक नसतं. बऱ्याचदा जागाही नसते. सातबारा काढला की ती गायरान निघते, नाहीतर तिच्यावर दुसरंच आरक्षण. ते सुटेपर्यंत दरसूची, म्हणजे बांधकामाचे सरकारी दर, बदलते. समजा पाच कोटींना प्रशासकीय मान्यता मिळाली, तरी पहिल्या वर्षी हातात येतात पन्नास लाख. त्यात काम जोत्यापर्यंत येतं. पुढचा हप्ता पुरवणी मागण्यांत आला तर आला. ठेकेदार वाट बघून भाववाढ मागतो, नाहीतर काम सोडून जातो. मग सुधारित मान्यता, फाईल पुन्हा वित्त विभागाकडे. तोवर मंत्री बदललेला, आणि नव्या मंत्र्याला त्याच्या मतदारसंघात जलतरण तलाव हवा. कुणी एक पैसा खाल्ला नाही तरी आठ-दहा वर्षं अशीच जातात. विलंब म्हटलं की लोकांना लगेच घोटाळा दिसतो. खरं कारण बरंच कंटाळवाणं असतं.

आता तुमची नोंदवही. तिला लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातला खर्चाचा रकाना, कुठलं? इमारत भांडवली खर्चात बसते, कोनशिला बसवता येते, नारळ फुटतो. ‘वस्तूंची सूची करणे’ या कामाला कोण पुढारी येणार? इमारत असेल तर तिच्या मागे लागून अभिरक्षकाचं, म्हणजे वस्तू सांभाळणाऱ्याचं, एखादं पद तरी मंजूर करून घेता येतं. नसेल तर तेही नाही. आदर्श क्रम सांगणं सोपं आहे. चालणारा क्रम उलटा आहे. आधी जोतं घाला, बाकीचं ओढून आणता येतं.

दप्तरदार:

उपअभियंता साहेब, तुमच्या चालणाऱ्या क्रमात मी काही वर्षं नोकरी केली आहे. संस्थेचं नाव सांगत नाही. अभिरक्षकाचं पद मंजूर होतं, पण भरलं कधीच गेलं नाही. चावी शिपायाकडे, तो रजेवर गेला की दालन बंद.

ब्लेझर लोकरीचा असतो, त्याला कसर लागते. चांदीचं पदक काळवंडलं की १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी कुणीतरी उत्साहाने ब्रासो लावून घासतं, आणि चार-पाच वर्षांत वरची अक्षरं पुसट होतात. पावसाळ्यात बंद काचपेटीत ओल धरते आणि फोटोंवर बुरशी चढते. फोटो ज्या पुठ्ठ्यावर चिकटवलाय, तो पुठ्ठाच आम्लाने फोटो खातो. यावर उपाय काय, तर आम्लरहित कागद, चांगले डबे, आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणि रोज येणारं एक माणूस. इमारतीच्या मानाने हा खर्च काहीच नाही, पण दरवर्षीचा आहे. ‘आवर्ती खर्च’ म्हटलं की बैठकीतले सगळे चहाकडे बघायला लागतात.

धागाकर्त्यांशी एका बाबतीत मतभेद आहे. पोच मागा म्हणता, पण मुळात दान घ्यायचंच कशाला? मुदतीवर उसनी घ्यावी वस्तू. मालकी घरच्यांकडे, विमा संस्थेचा, परतीची तारीख करारात. संग्रहालय रखडलं तर तारीख उलटल्यावर वस्तू घरी. असा करार असता तर बलबीरसिंगांच्या घरच्यांना अर्ज करत बसावं लागलं नसतं.

जर्सीकर:

सगळे सरकारला झोडताय म्हणून खाजगीचंही सांगतो. न्यूयॉर्कमध्ये मे २००८ ला ‘स्पोर्ट्स म्युझियम ऑफ अमेरिका’ सुरू झालं, अगदी वॉल स्ट्रीटजवळ. खर्च सुमारे ९ कोटी ३० लाख डॉलर. यातला बराच पैसा ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर त्या भागाच्या उभारणीसाठी काढलेल्या करमुक्त रोख्यांचा. तिकीट २७ डॉलर. फेब्रुवारी २००९ मध्ये टाळं! लोक अपेक्षेएवढे आलेच नाहीत, त्यात मंदी. दप्तरदारांचा मुद्दा इथे पटतो, कारण तिथल्या पुष्कळशा वस्तू इतर संस्थांकडून उसन्या आणलेल्या होत्या, म्हणजे मालकी त्या संस्थांचीच होती.

इंग्लंडचं राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालय २००१ मध्ये प्रेस्टनला उघडलं, २०१० मध्ये तिथे बंद झालं आणि २०१२ ला मँचेस्टरला गेलं. का? तर तिथल्या महापालिकेने दरवर्षी सुमारे २० लाख पौंड द्यायची तयारी दाखवली. बांधायला पैसे मिळतात हो. चालवायला मिळत नाहीत. फुटबॉलच्या माहेरी ही गत.

वानखेडे_नॉर्थस्टँड:

एवढं लांबण कशाला? पुण्यात एका हौशी माणसाने उभं केलेलं क्रिकेटचं संग्रहालय २०१२ पासून आहे. २०२५ मध्ये वानखेडेवर मुंबई क्रिकेट संघटनेचं झालं. ज्या खेळाला गिऱ्हाईक आहे त्याचं जतन होतं. मल्लखांबाचं संग्रहालय बांधलंत तर शाळेच्या सहली सोडून कोण येणार? कडू आहे, पण आहे ते असं आहे.

दप्तरदार:

शाळेच्या सहली आल्या तर आणखी काय हवं?

जुनीनोंदवही:

वानखेडे, गिऱ्हाईक हा निकष लावलात तर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ ला बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आलं, हे पुढच्या पिढीला कळायचंच नाही. क्रिकेटच्या संघटनेकडे स्वतःचा पैसा आहे, तिने स्वतःचं संग्रहालय केलं, उत्तमच. कुस्ती-खोखोच्या संघटनांकडे नाही, म्हणून तर सार्वजनिक पैशाचा प्रश्न येतो.

कंपन्यांचा सीएसआर निधी, म्हणजे समाजकार्यासाठी काढून ठेवायचा पैसा, आहे, पण त्याची गंमत बघा. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत खेळासाठी ‘प्रशिक्षण’ बसतं. संग्रहालय न्यायचं तर वारसा आणि संस्कृतीच्या कलमाखाली न्यावं लागतं. तिथे ते देवळं, किल्ले आणि ग्रंथालयांच्या रांगेत शेवटचं उभं राहतं.

गंगावेसकर:

बघा, कायद्यालासुद्धा कळतंय की खेळ म्हणजे प्रशिक्षण. 😀

बाकी दप्तरदार ताईंचं उसनवारीचं पटलं, पण माझं मत तेच. एका अभिरक्षकाच्या वर्षाच्या पगारात एक वस्ताद ठेवता येतो. दोन्हीतला एकच परवडणार असेल तर मी वस्ताद ठेवीन. पोरानं पदक आणलं तर तुम्ही ठेवा की पेटीत.

निवृत्त_उपअभियंता:

सीएसआरवाल्यांनाही पाटी लावायला भिंत लागते, नोंदवहीवर पाटी लागत नाही. जोत्याचा मुद्दा मी सोडलेला नाही.

खोखो_नवव्या_गड्याची_मुलगी:

वाद चालू द्या, पण एक विचारते. वडील राष्ट्रीय स्पर्धा खेळलेले. घरी दोन ढाली, संघाचा पट्टा, वर्तमानपत्रांच्या कात्रणांची वही आणि रेल्वेच्या सवलतीचे फॉर्म आहेत. एक संस्था मागतेय, ‘लवकरच’ दालन होणार म्हणते. द्यावं का?

दप्तरदार:

इतक्यात देऊ नका. आधी प्रत्येक वस्तूचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. वडील आहेत तोवर संघाच्या फोटोतली सगळी नावं विचारून घ्या आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेनने नको. कात्रणं प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढा. सवलतीचे फॉर्म टाकू नका, त्यावर तारखा आणि कोण कुठून कुठे गेलं ते असतं. मग संस्थेला लेखी विचारा की दालन कुठे, चावी कुणाकडे, वस्तू परत केव्हा.

निवृत्त_उपअभियंता:

आणि जागेचा सातबाराही बघायला मागा.