इलेक्ट्रिक गिटारचा घूंऽऽ आवाज जात नाही, तारांना हात लावला की मुंग्या येतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आर्वी तालुक्यातलं गाव आहे आमचं. घरी स्ट्रॅट टाईपची इलेक्ट्रिक गिटार आहे, तीन सिंगल कॉईल पिकअपवाली (पिकअप म्हणजे तारांचा आवाज पकडणारी चुंबकाची कॉईल, इथं प्रत्येकात एकच), अन् सोबत पंधरा वॅटचा छोटा अँप. लहान भाऊ वाजवतो अन् गातोही, गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात बसणार आहे म्हणून आता रोज प्रॅक्टिस चालू आहे.

त्रास असा की दोन प्रकारचे आवाज येतात. एक जाड, घूंऽऽ असा, अन् त्याच्यावर दुसरा बारीक झ्झ्झ. तारांना हात लावला की बारीकवाला बराच कमी होतो, हात काढला की पुन्हा सुरू. जाडवाला हात लावून काही बदलत नाही, पण कूलर चालू केला की वाढतो, अन् मे महिन्यात कूलर बंद करून बसा म्हणणं इथं शक्य नाही. गिटारचा व्हॉल्यूम शून्य केला की दोन्ही बंद, म्हणून अँप बरा असावा असं वाटते. पण खरी काळजी वेगळीच आहे, फरशीवर अनवाणी उभं राहून वाजवलं की बोटांना मुंग्या येतात, अन् परवा भाऊ माईकवर गात होता तर ओठाला चांगलाच चटका बसला त्याच्या, तेव्हापासून आई त्याला हातच लावू देत नाही गिटारला.

केबल बदलून पाहिली, फरक नाही. मागचं झाकण उघडून ब्रिजपासून जॅकच्या बाहेरच्या पत्तीपर्यंत मल्टीमीटरनं कंटिन्यूटी पाहिली, बीप येते, म्हणजे तारांचं ग्राउंड तुटलेलं नाही. वर्ध्याला मित्राकडे हीच गिटार, हाच अँप लावला तर मुंग्या नाहीत, बारीक आवाज जवळपास नाहीच, जाड मात्र तिथंही थोडा होता.

गावातले साऊंडवाले म्हणतात अँपच्या प्लगची अर्थची जाड पिन काढून टाका, आवाज जाते. वायरमन म्हणतो बोर्डातच न्यूट्रलचा तुकडा अर्थला जोडून देतो, दहा मिनिटाचं काम. दोघंही आपुलकीनंच सांगतात पण मला दोन्हीची भीती वाटते. दोष गिटारचा की घरच्या लाईनचा, कसं ओळखायचं? कोणी केलं असेल तर नीट सांगा, भावाच्या जिवाचा प्रश्न आहे.

प्रतिसाद

भाऊ, पहिले तर दोन्ही गोष्टी करू नका. पिन काढली तर अँपमध्ये कधी फॉल्ट झाला की करंट सरळ तारांवर येईन, अन् तारा हातात असतात. न्यूट्रल-अर्थ जोडणं त्याहून वाईट. लाईनीत कुठं न्यूट्रल तुटला, नाही तर बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे झाले, तर कूलरची बॉडी, अँप, गिटार सगळ्यांवर २३० व्होल्ट.

तुमच्या वर्णनावरून दोष गिटारपेक्षा घरच्या अर्थिंगचा दिसते. ज्या बोर्डावर अँप लावता तिथं मीटर एसीवर ठेवून तीन रीडिंग घ्या, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. रबरी चप्पल घालून, मीटरच्या वायरी धड पाहून. जमत नसन तर वायरमनकडून घ्या. अन् त्या बोर्डावर आणखी काय काय लागून आहे तेही सांगा.

धागाकर्ता

वायरमनला समोर बसवून घेतलं. फेज-न्यूट्रल २२६, फेज-अर्थ १२१, न्यूट्रल-अर्थ १०४. त्याच बोर्डावर कॉम्प्युटर असते, कूलरही. कॉम्प्युटरचा प्लग काढला तर अर्थचं रीडिंग स्थिर राहतच नाही, अन् मुंग्या बंद!

प्रतिसाद

मंग सापडलं. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फेजपासून अर्थ अन् न्यूट्रलपासून अर्थ असे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थ जमिनीत गेलेलाच नसला तर अर्थची वायर या दोघांच्या मधात लटकते, म्हणून तुमचं रीडिंग अर्ध्याजवळ आलं. तेच व्होल्टेज अँपच्या पिनीतून तारांवर येते. करंट फार थोडा म्हणून नुसत्या मुंग्या, पण त्याच वायरवर कूलर आहे हे विसरू नका. कूलरची मोटर कधी बॉडीला लागली तर पूर्ण २३० गिटारवर येतीन. अर्थिंग होईपर्यंत त्या बोर्डावर गिटार लावूच नका, कूलरलाही ओला हात नाही.

घरामागं अर्थिंगचा खड्डा असन तर उकरून पाहा. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, पाईपपासून माती सुटते, क्लॅम्प गंजून वायर तुटते. नवीन करायचं तर आठ-नऊ फुटाचा जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाईप, मीठ-कोळसा भरून, मोरीचं पाणी जाते तिथं जवळ. वरून ३० मिलीअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाईन आपोआप तोडणारा स्विच, बसवाच.

प्रतिसाद

मी गिटारबद्दल बोलतो. जाड घूंऽऽ अर्थिंगनं पूर्ण जाणार नाही, तो सिंगल कॉईलचा स्वभाव आहे. आपली लाईन ५० हर्ट्झची, मोटर अन् इन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र कॉईल पकडते. जागेवर बसून गिटार हळूहळू फिरवून पाहा, एका दिशेला आवाज एकदम कमी होईल, तिथं तोंड करून बसा, कूलरपासून जितकं दूर तितकं चांगलं. पाच पोझिशनच्या स्विचवर दुसरी अन् चौथी लावून पाहा, मधला पिकअप उलट गुंडाळलेला असेल तर तिथं घूं जवळपास मरते. याच तत्त्वावर गिब्सनच्या सेठ लव्हरनं १९५५ मध्ये हंबकरच्या (दोन उलट कॉईल जोडून घूं मारणाऱ्या पिकअपच्या) पेटंटसाठी अर्ज केला होता. पिकगार्डखाली तांब्याची फॉईल लावून ती ग्राउंडला सोल्डर केली तर बारीक झ्झ्झ आणखी कमी होते, जाडवाल्यावर मात्र फॉईलचा उपयोग नाही, उगाच त्यासाठी खर्च करू नका.

धागाकर्ता

खड्डा उकरला, क्लॅम्पपाशी वायर गंजून सुटलेलीच होती. वायरमननं नवीन जीआय वायर टाकली, खड्ड्यात मीठ-कोळसा अन् पाणी. आता २२८, २२६, २. मुंग्या नाहीत, बारीक आवाज नावालाच. चौथ्या पोझिशनला जाडही गेला! आरसीसीबी आर्वीहून आणतो. खूप आभार, आईलाही रीडिंग दाखवलं. आता गणपतीच्या मांडवात जनरेटर राहणार आहे, तिथं काय पाहायचं?

प्रतिसाद

जनरेटरची बॉडी अन् न्यूट्रल कसे जोडले, वेगळा रॉड ठोकला का, ते साऊंडवाल्याले विचारा. अँप अन् माईकचा मिक्सर एकाच एक्स्टेंशनवर घ्या. अन् भाऊ माईकपाशी जायच्या आधी मीटरची एक वायर माईकच्या जाळीले, दुसरी गिटारच्या तारेले लावून एसी पाहा. एक-दोन व्होल्टच्या वर काही दिसलं तर गाणं थांबवून लाईन पाहायची, मंडळी कितीही घाई करो.