बाबांनी वाचायचं, पण कसं?

लहान मुलाला पुस्तक वाचून दाखवायला बसलं की "मूल दोन मिनिटांत पळतं, मग बाबा पुस्तक मिटतात" अशी तक्रार असते. दोन वर्षांच्या मुलानं दोन मिनिटं दिली म्हणजे चांगलीच की! गडबड बहुधा पुस्तकात असते: पानावर सात-आठ ओळी आणि चित्र कोपऱ्यात. या वयाला जाड पुठ्ठ्याची पानं, पानाला एक-दोन ओळी. मांडीवर घ्या, पान त्यालाच उलटू द्या. "हे काय? ते काय?" अशी तोंडी परीक्षा नको. त्यानं बोट ठेवलं की नाव सांगा, चार-पाच सेकंद थांबा. ते "भूभू" म्हणालं की "हो, काळा भूभू, शेपूट हलवतोय" एवढं वाढवा. तेच पुस्तक दहाव्यांदा आलं तर ओळीतला शेवटचा शब्द त्याला भरू द्या.

उशिरा घरी येणाऱ्यांनी रात्रीचा हट्ट सोडावा, सकाळी दूध पिताना पाच मिनिटं निघतात. वाचताना अडखळायला होत असेल तर नुसतं चित्रांवर बोला. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, पहिल्या पातळीपासून घ्या. मोबाइलवर वाचताना नोटिफिकेशन मात्र बंद, नाहीतर गोष्टीतला वाघ राहतो बाजूला आणि मूल व्हिडिओ मागतं.