मदत हवी आहे: प्लॅनेटरी पोस्टडॉक फेलोशिपसाठी होस्ट संस्था कशी निवडायची?

मंडळी, डोकं पार बधिर झालंय म्हणून इथे लिहितेय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पीएचडी पुढच्या वर्षी संपेल (गाईड म्हणतात संपेल, मी म्हणते बघू). विषय हॉट ज्युपिटर (आपल्या ताऱ्याला खेटून फिरणारे, गुरूसारखे मोठे तापलेले) ग्रहांची वातावरणं, हाय रिझोल्यूशन स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे त्यांच्या प्रकाशाची अगदी बारीक फोड करून अभ्यास. अमेरिकेतल्या दोन पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या, फेलोशिप डोळ्यासमोर आहेत. एक नासाची सेगन, म्हणजे २०१८ पासून हबल, आइन्स्टाइन आणि सेगन एकत्र केल्यात त्यातला एक्झोप्लॅनेटवाला (सूर्यमालेबाहेरच्या ग्रहांचा) भाग, आणि दुसरी हाइसिंग-सायमन्स फाउंडेशनने २०१७ मध्ये सुरू केलेली ५१ पेगासी बी. दोन्ही तीन वर्षांच्या. पैसा फेलोशिपचा, पण टेबल-खुर्ची आणि माणसं होस्ट संस्थेची, त्यामुळे प्रपोजलइतकाच घोळ "बसायचं कुठे" यावर चाललाय. (ज्या ग्रहाच्या नावाने फेलोशिप आहे तो ४.२ दिवसांत आख्खी फेरी मारतो आणि मी चार महिन्यांत प्रपोजलचं पहिलं पान पुरं करू शकले नाही.)

पहिली अडचण डिपार्टमेंटची. आमचा विषय ना धड अ‍ॅस्ट्रोनॉमीत ना धड जिऑलॉजीत. अ‍ॅरिझोनात लूनर अँड प्लॅनेटरी लॅब वेगळी आणि स्टुअर्ड ऑब्झर्व्हेटरी वेगळी, एमआयटीत ग्रहवाले बरेचसे पृथ्वीविज्ञानाच्या डिपार्टमेंटमध्ये, कॅलटेकलाही ग्रहविज्ञान जिऑलॉजीच्या डिव्हिजनमध्ये आणि अ‍ॅस्ट्रोनॉमी फिजिक्सबरोबर. मग होस्ट म्हणून नाव कोणाचं टाकायचं, आणि रोजचं उठणं-बसणं कोणाबरोबर होतं?

दुसरी, टेलिस्कोप. मला वाटतं हवाईतल्या केक दुर्बिणींवरचा वेळ ज्यांच्याकडे आहे तिथेच जावं, म्हणजे कॅलटेक किंवा कॅलिफोर्नियाची विद्यापीठं. पण माझं निम्मं काम मॉडेलिंगचं आहे आणि ज्यांचे पेपर मी उशाशी घेऊन झोपते ती थिअरीची माणसं दुसरीकडे आहेत.

तिसरी जरा लागलीये. एका संस्थेतल्या प्राध्यापकांना मेल केला, तीन आठवडे शुकशुकाट, मग दोन ओळी आल्या: "काम आवडलं. पण यंदा आम्ही दुसऱ्या एका उमेदवाराला होकार दिलाय." असं आधीच ठरतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! मेल कधी करायचा असतो नक्की?

— शुक्रतारा

धूमकेतू: उशीर झाला तुम्हाला. सेगनची मुदत साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला असते, म्हणजे ऑगस्टमध्ये मेल गेलेला बरा. एका संस्थेत दरवर्षी किती नवे फेलो घ्यायचे यावर मर्यादा असते, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी आतल्या आतच चाळणी लागते. मनाला लावून घेऊ नका. मेलमध्ये सीव्ही आणि फार तर एक पान आयडिया. चार पानी पीडीएफ कोणी उघडत नाही, मी स्वतः उघडत नाही.

गुरुपौर्णिमा: केकसाठी संस्था निवडू नका. नासाचाही तिथे वेळ असतो आणि अमेरिकेतल्या कुठल्याही संस्थेतून त्यासाठी अर्ज करता येतो. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला तर जगातून कुठूनही. चिलीतल्या मॅगेलन दुर्बिणींची गोष्ट वेगळी, तिथे कार्नेगी, हार्वर्ड, एमआयटी, अ‍ॅरिझोना अशा भागीदारांतच वेळ वाटला जातो, तो हवा असेल तरच टेलिस्कोपचा हिशोब करा. तुमचं वाचून मला तरी थिअरीवाल्यांकडे जावं असं वाटतं, डेटा लांबूनही मिळतो पण फळ्यासमोर भांडायला माणूस शेजारी लागतो.

आणि फक्त अमेरिका का? ईएसओची (युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरी) फेलोशिप बघा, जर्मनीत गार्खिंगला तीन वर्षं. चिलीतली घेतलीत तर तिथल्या पारानाल वेधशाळेवर ड्युटी करावी लागते, दुर्बीण चालवायला शिकायचं असेल तर सोनं आहे, पेपर लिहायचे असतील तर रात्री जातात.

शुक्रतारा: नासाच्या केकवेळेचं खरंच माहीत नव्हतं, अर्धं गणित तिथेच बदललं. पण डिपार्टमेंटचं?

धूमकेतू: डिपार्टमेंट नका बघू, माणूस बघा. त्यांच्या जुन्या पोस्टडॉकांना विचारा की आठवड्यातून किती वेळा भेट व्हायची. आणि ऑफर एकाआधी एक आल्या तर घाबरून होकार देऊ नका. १५ फेब्रुवारीच्या आत उत्तराची सक्ती करायची नाही असा अमेरिकन अ‍ॅस्ट्रोनॉमिकल सोसायटीचा जुना संकेत आहे, खुशाल त्याचा दाखला द्या.

शुक्रतारा: दोन जुन्या पोस्टडॉकांना आत्ताच मेल टाकले. एकीचं उत्तर पंधरा मिनिटांत आलं: "फोन कर, लिहून नाही सांगत." 😬 करते आणि सांगते.