‘निर्देशक’ की ‘निर्देशांक’? आणि शहराभोवतीच्या भागाला काय म्हणावं?

प्रश्न :
शहराचा शाश्वत विकास कसा मोजतात, यावर नाशिकच्या मखमलाबादला गावकऱ्यांसमोर बोलायचं आहे. त्यासाठी दोन पानी टिपण करतेय. हाताशी असलेल्या कागदांत निर्देशक, निर्देशांक, सूचकांक हे शब्द एकाच अर्थाने वापरलेत. त्यात परवा एका द्राक्षबागायतदार काकांना मसुदा वाचून दाखवला, तर ते म्हणाले, “शाश्वत म्हणजे कायमचं ना? मग या शिवारात कायमचं काय राहणार, बाग की बिनशेती (एनए) प्लॉट?” मला उत्तर सुचलं नाही. नेमके शब्द कोणते घेऊ? शिवाय ‘शहर आणि सभोवतालचा प्रदेश’ याला सुटसुटीत शब्द आहे का?

प्रतिसाद :
ताई, निर्देशक म्हणजे एकच गोष्ट दाखवणारं माप. अनेक निर्देशक एकत्र करून जो एक आकडा काढतात, तो निर्देशांक. ‘अंक’ त्या शब्दातच आहे. मानव विकास निर्देशांक घ्या. आयुर्मान, शालेय शिक्षणाची अपेक्षित वर्षं, प्रत्यक्ष झालेली सरासरी वर्षं आणि दरडोई उत्पन्न हे चार निर्देशक, त्यांचा मिळून एक निर्देशांक. ‘सूचकांक’ हिंदीतून आलाय, तो गाळा.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर देणारा निर्देशकही आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये 17 शाश्वत विकास ध्येयं ठरवली; त्यातलं अकरावं शहरांचं. त्याच्या एका निर्देशकात जमीन व्यापली जाण्याच्या दराला लोकसंख्यावाढीच्या दराने भागतात. समजा, बांधकामाखालची जमीन वर्षाला 4 टक्क्यांनी वाढली आणि माणसं 2 टक्क्यांनी, तर उत्तर 2. म्हणजे माणसं वाढतात त्याच्या दुप्पट वेगाने बांधकाम शिवारात पसरतंय. हे गणित फळ्यावर मांडा, लगेच कळेल.

प्रतिसाद :
‘शाश्वत’ आता सरकारी कागदांत आणि पाठ्यपुस्तकांत रुळलाय, तो बदलू नये. पण काकांची शंका रास्त आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने 1987 मध्ये केलेल्या शाश्वत विकासाच्या व्याख्येत कायमचं टिकण्यापेक्षा पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजची गरज भागवण्यावर भर आहे. आपल्या घरात यालाच ‘पुरवून वापरणं’ म्हणतात. आजी तेलाची बरणी महिनाभर पुरवायची, तसं. ‘टिकाऊ’ मात्र नको. तो चपलांना आणि कापडाला शोभतो.

प्रतिसाद :
सभोवतालच्या भागासाठी ‘पंचक्रोशी’ आहेच की! कोस साधारण तीन किलोमीटरचा धरला तर पंधराएक किलोमीटरचा टापू होतो. नाशिकला पाणी देणारं गंगापूर धरण त्यात येतं. ‘उपनगर’ नको, त्यात शेती दिसतच नाही.

प्रतिसाद :
पंचक्रोशी गोड शब्द आहे, पण नदीचा हिशेब त्यात मावत नाही. नाशिकचं सांडपाणी गोदावरीतून खाली निफाड तालुक्यात नांदूरमधमेश्वरला जातं. ती पाणथळ जागा रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आल्याचं 2020 मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातली पहिली. महापालिकेच्या हद्दीवर मोजमाप थांबवलं तर पाणी देणारं धरण आणि घाण झेलणारा गोदाकाठ दोन्ही हिशेबाबाहेर राहतात, आणि शहराला फुकटचे चांगले गुण मिळतात. म्हणून जमिनीबद्दल बोलताना ‘पंचक्रोशी’ आणि पाण्याबद्दल बोलताना ‘गोदाकाठ’ लिहा. एकाच शब्दाचा हट्ट कशाला?

प्रश्नकर्ती :
पटलं. शीर्षक बदललं : ‘नाशिक, पंचक्रोशी आणि गोदाकाठ : पुरवून वापरतोय का आपण?’ आतल्या मजकुरात ‘शाश्वत’ ठेवलाय. रविवारी काकांना पुन्हा वाचून दाखवते.