गोचीड काढून आठ दिवस झाले, मोत्याचं काय काय बघत राहू?

आम्ही गुहागरजवळ राहतो. मोत्या चार वर्षांचा, गावठी, वजन १८ किलो. गेल्या रविवारी अंग पुसताना त्याच्या कानामागे गोचीड सापडली, वाटाण्याएवढी टम्म फुगलेली. शेजारच्या काकी म्हणाल्या, रॉकेल लाव, आपोआप सुटेल. मी नाही लावलं. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढली. पाय वळवळत होते. त्या जागी मसुराएवढी गाठ आहे, पण दाबली तर कुरकुरत नाही.

मागच्या वर्षी आमच्या वाडीतला एक कुत्रा गोचीडतापाने गेला. चार दिवस पडवीत नुसता पडून होता, आम्ही सगळे म्हणत होतो उकाड्याने मलूल झालाय. नाकातून रक्त आलं तेव्हा धावाधाव झाली. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून रोज सकाळी मोत्याचा ओठ वर करून हिरड्या बघते. गुलाबी आहेत, बोटाने दाबून सोडलं की लगेच रंग भरतो. ताप कालपर्यंत १०१.८ होता. आज १०२.६ भरला, पण तेव्हा तो नुकताच अंगणात पळून आला होता. भाकरी खाल्ली, उकडलेलं बांगड्याचं डोकं मात्र तसंच ठेवलं. ते तो कधी सोडत नाही हो.

आत्ताच चिपळूणला नेऊन रक्त तपासू का? इतक्यात काही दिसेल? आणि किती दिवस लक्ष ठेवायचं?

प्रतिसाद:

ताई, रॉकेल लावलं नाहीत हे उत्तम केलंत. गोचीडताप आणणारे एहर्लिकिया आणि बाबेसिया हे दोन जंतू. एहर्लिकियाची लक्षणं साधारण १ ते ३ आठवड्यांत दिसतात, बाबेसियाला कधी महिनाही लागतो. त्यामुळे आज रिपोर्ट चांगला आला तरी महिनाभर नजर हवीच. त्याला सावलीत अर्धा तास निजवून ताप परत घ्या. १०३ च्या वर गेला किंवा उद्याही बांगडा नाकारला, तर डॉक्टरांना दाखवून सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) करा, प्लेटलेट बघा. हिरड्या फिकट, पोटावर लाल ठिपके, कोऱ्या चहासारखी लघवी, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी न्या. घरातली पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका.

त्याच्या गोणपाटाखाली आणि चिऱ्याच्या भिंतीच्या फटींत बॅटरी मारून बघा. रक्त पिऊन गळलेली मादी तिथे हजारांनी अंडी घालते. आमच्या राणीला दुसऱ्यांदा ताप आला, तेव्हा गोचिडी पडवीच्या भिंतीतच निघाल्या होत्या.